तुम्ही विचारलंत म्हणून: कोकणात कसला आलाय पाण्याचा ताण?

“कोकणात तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस. मग भाताच्या वाणांसाठी पाण्याच्या ताणाचे गट संगणकावर कशाला पाडत बसतेस?” राजापूरला गावी गेले की हा प्रश्न हमखास येतो.

उत्तर आमच्याच दोन तुकड्यांत आहे. एक कातळाच्या कडेला, वीतभर माती, खाली जांभा. दुसरा वहाळालगतचा मळा. मध्ये हाकेचं अंतर. भाद्रपदात पावसाने आठ-दहा दिवस दडी मारली की कातळावरचं हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं, भात ऐन दाणा भरताना करपायला लागतं. मळ्यात मात्र घोटाभर पाणी असतं. आणि पाऊस नीट लागून राहिला, त्या वर्षी कातळही मळ्यासारखाच पिकतो! म्हणून हे गट जागेचे नाहीत. त्या हंगामात पिकाने काय सोसलं, त्याचे आहेत.

ओरायझा किंवा एपीसिमसारख्या, पिकाची वाढ संगणकावर मांडणाऱ्या मॉडेलला रोजचा पाऊस, ऊन, तापमान, मातीची खोली आणि पेरणीची तारीख दिली की ते भात दिवसागणिक वाढवत नेतं. आज पिकाला पाणी किती हवं होतं, मुळांना मिळालं किती, याचा रोजचा हिशेब. ३० वर्षांचं हवामान, ४ प्रकारच्या जमिनी, ३ पेरण्या धरल्या तर ३६० हंगाम होतात. ताण कधी सुरू झाला, कधी सरला, हे ज्यांचं जुळतं ते एका गटात. ऑस्ट्रेलियात गव्हाच्या पट्ट्यासाठी असे चार मुख्य गट निघाले.

पैदासकाराच्या, म्हणजे नवे वाण काढणाऱ्याच्या, हाती चाचणीची दोन-तीनच वर्षं असतात. ती सगळी भरपावसाची निघाली तर मळ्याचा वाण पहिला येतो, आणि तोच आपण कातळवाल्याच्या हाती देतो. चाचणीचं वर्ष कुठल्या गटातलं आणि तो गट तीस वर्षांत किती वेळा येतो, हे कळलं तर त्या निकालाला किती वजन द्यायचं ते ठरतं. मला यातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं.

खाजणाला, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीला, मात्र हे गट लावू नयेत, असं माझं ठाम मत आहे. तिथे गाठ खारेपणाशी. पनवेलच्या खार जमीन केंद्राने त्यासाठी वेगळे वाण काढले आहेत.

अडतं ते मातीपाशी. नकाशावर अख्ख्या डोंगरउताराला एकच खोली लिहिलेली असते. पहार कुठे किती आत जाते, हे काकांना पावलापावलाला ठाऊक आहे. येत्या मे महिन्यात त्यांच्यासोबत दोन्ही तुकडे मोजायचे ठरलेत.