डावा हात की उजवा?

आज ऑफिसातल्या मैत्रिणीचं लग्न होतं, इथे जर्मनीत, श्टुटगार्टमध्ये. कायद्याने लागतं ते नोंदणी कार्यालयातलं लग्न, अर्ध्या तासात उरकलं. अंगठ्या घालायची वेळ आली आणि मी मोबाईल घेऊन तिच्या डाव्या हाताच्या बाजूला सरसावले. तिने पुढे केला उजवा!

शेजारी नवऱ्यामुलाची आजी होती. तिने समजावलं: साखरपुड्याची अंगठी डाव्या हातात, लग्नाची उजव्या. पूर्वी कित्येक जण एकच साधी अंगठी लग्नाच्या दिवशी डावीकडून उजवीकडे न्यायचे. आतल्या बाजूला जोडीदाराचं नाव आणि तारीख कोरलेली. आजींच्या बोटात मात्र दोन अंगठ्या होत्या, एक स्वतःची, एक गेलेल्या आजोबांची. त्यांच्या पिढीत तशी रीतच आहे म्हणे. मी जरा वेळ गप्पच झाले.

पोलंड, रशिया, नॉर्वेतही उजवाच हात. इंग्लंड-फ्रान्समध्ये डावा. डाव्या अनामिकेतून थेट हृदयाकडे शीर जाते, हा जुना रोमन समज. तशी वेगळी शीर वगैरे काही नसते, पण जाहिरातवाल्यांना अजून पुरते आहे!

मग आजींनी माझा हात धरून विचारलं, तुझी कुठे? साखरपुड्याची अंगठी पुण्यात, लॉकरमध्ये. घट्ट होते. गळ्यातली वाटी दाखवली, बूट काढून जोडवीही दाखवली. दोन्ही पायांत असतात म्हटल्यावर आजी खूश: "मग भांडणच नाही!"