सेंट मेरी बेट: टेकडी उभी, पाणी निम्मं, जहाज अजून स्क्रीनवरच

मंडळी, माझ्या लेगोच्या चाच्यांच्या बेटाची खबर द्यायची राहिली होती. टेकडी झाली. धक्का झाला. पाणी निम्मं भरलंय. जहाज मात्र अजून स्टुडिओ या लेगो डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्येच तरंगतंय, त्याचं कारण पुढे येईल.

आधी बेट कुठलं ते. मादागास्करच्या ईशान्य किनाऱ्याला लागून असलेलं सेंट मेरी (उडुपीजवळचं नव्हे, नाव तेच आहे). चाच्यांचं बेट म्हटलं की कवटीची गुहा, खजिन्याची पेटी, पोपट आणि वाकडा नारळ एवढं ठरलेलं असतं. हा साचा आपल्या डोक्यात घातला तो लेगोच्या १९८९ च्या पायरेट्स थीमने: संच क्रमांक ६२७० फॉरबिडन आयलंड, ६२७६ एल्डोराडो फोर्ट्रेस. मला दोन्ही प्रिय आहेत. २०२३ मध्ये एल्डोराडो २,५०९ तुकड्यांचं होऊन परत आलं तेव्हा मीही हरखलो होतो. पण तेच आपण पुन्हा कशाला बांधायचं? म्हणून या वेळी रंग, आकार, तुकडे यांच्या आधी साल ठरवलं, आणि खरं सांगतो, साल ठरलं की निम्मे निर्णय आपोआप होतात. कुठली झाडं, कुठला माल, तटबंदी दगडी की लाकडी, कशाचाच घोळ राहत नाही.

साल म्हणजे सालं, दोन. १६९१ मध्ये अ‍ॅडम बाल्ड्रिज नावाचा माणूस या बेटावर स्थायिक झाला, लाकडी कुंपणाची गढी बांधली, तोफा बसवल्या आणि चाच्यांना माल विकायचं दुकानच थाटलं. हे चाचे मुख्यतः सुरतेच्या वाटेवरची जहाजं लुटायचे. १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या चाच्याने लुटलेलं औरंगजेबाचं गंज-ए-सवाई जहाज याच समुद्रातलं. १६९७ मध्ये स्थानिक मालागासी लोकांनी बाल्ड्रिजची गढी उद्ध्वस्त केली, कारण त्याने त्यांच्यातलीच माणसं गुलाम म्हणून विकली होती. पुढच्या वर्षी कॅप्टन किड तिथे पोचला, फुटक्या जहाजासकट. तर माझ्या बेटाला दोन डोकी आहेत: एक १६९३ चं, गढी शाबूत असलेलं, आणि एक १६९८ चं, मोडलेलं. टेकडीचा माथा १६×१६ स्टडचा (स्टड म्हणजे तुकड्यावरचं गोल बोंड) वेगळा मॉड्यूल आहे. खालच्या थरावर सगळीकडे टाइल (वर स्टड नसलेले गुळगुळीत तुकडे) आणि फक्त चार जंपर प्लेट (मधोमध एकच स्टड असलेल्या), त्यामुळे माथा दोन बोटांनी उचलून दुसरा ठेवता येतो. धक्का, पाणी, वाळू तीच राहते.

बेसप्लेट ४८×४८, म्हणजे ३८.४ सेंटिमीटरचा चौरस. मिनिफिगच्या, म्हणजे लेगोच्या छोट्या माणसाच्या, मापात खरं बेट यात मावणं शक्यच नाही, म्हणून बंदरातल्या छोट्या बेटाचा आकार घेतलाय. त्याला फ्रेंचमध्ये आजही चाच्यांचं बेट म्हणतात. टेकडीच्या पोटात सगळं डुप्लो, म्हणजे लहान मुलांसाठीचं मोठ्या मापाचं लेगो आहे. डुप्लोचं माप प्रत्येक बाजूने बरोबर दुप्पट असल्याने वर साधी ब्रिक छान बसते, आणि लहान मुलांच्या डब्यातली लाल-पिवळी ब्रिक आत गाडली तर कोणाला दिसते? खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालंय, तेव्हा न दिसणाऱ्या जागी नवी ब्रिक घालणं मला तरी परवडत नाही.

खडकासाठी एकच नियम ठेवला: थरांची दिशा सगळीकडे सारखी. डार्क ब्लूइश ग्रे स्लोप (उतरत्या बाजूच्या ब्रिक), मधूनमधून डार्क टॅन, पाण्यालगत एक ओळ ऑलिव्ह ग्रीन शेवाळाची. स्लोप चारही दिशांना तोंड करून लावले की खडक न वाटता ढिगारा वाटतो. मोठे तयार खडकाचे तुकडे फक्त मागच्या बाजूला लपवलेत.

धक्का बेसप्लेटला समांतर ठेवला असता तर सगळं बेट आखीव कॉलनीसारखं दिसलं असतं. म्हणून ३-४-५ चा त्रिकोण. १×६ प्लेटच्या पहिल्या आणि शेवटच्या स्टडमध्ये पाच स्टडचं अंतर असतं, त्यामुळे एक टोक इथे आणि दुसरं तीन स्टड आडवं, चार स्टड पुढे असं बरोबर बसतं. दोन्ही टोकांखाली १×१ गोल प्लेट ठेवायची, नाहीतर मधले स्टड आडवे येतात. अशा जोडण्या ओळीने केल्या की धक्का सुमारे ३७ अंशात वळतो, घट्ट राहतो आणि कुठेही ताण येत नाही.

आता माझा सगळ्यात आवडता कोपरा, गोदाम. बाल्ड्रिजने १६९९ मध्ये न्यूयॉर्कला दिलेल्या जबानीत १६९३ साली चार्ल्स नावाच्या जहाजातून काय काय आलं त्याची यादीच दिलीय. बूट ४४ जोड. रमची पाच पिंपं. मदेरा वाइनची पिंपं वेगळी. धार लावायच्या दोन सहाणा, तीन करवती, तेलाच्या तीन बरण्या, तोफेच्या दारूची तीन पिंपं, बागेचं बियाणं, तीन डझन कुदळी, आणि दोन बायबल! मुलांना अक्षरं शिकवायची पुस्तकंसुद्धा. एमओसी (स्वतःच्या डिझाइनचं मॉडेल) करणाऱ्याला याहून चांगली पार्ट्स लिस्ट कोण देणार? छप्पर उचललं की आत हे सगळं आहे. सहाण म्हणजे २×२ ची गोल राखाडी टाइल, स्नॉट करून (तोंड वर न ठेवता बाजूला वळवून) आडव्या दांड्यावर फिरती. कुदळींचा जुडगा कोपऱ्यात टेकवलाय, तीन डझन नाहीत पण बऱ्याच आहेत. बूट मिनिफिगच्या मापात जमत नाहीत, म्हणून काळ्या १×१ क्वार्टर टाइल जोडीजोडीने फळीवर मांडल्या. जवळून बघणाऱ्याला कळतं.

त्याच जबानीत उलट्या बाजूचा हिशोबही आहे: चार्ल्सवर परत गेलेल्या मालात ११०० चांदीची नाणी, १५ गुरं, ५७ लोखंडी कांबी आणि ३४ गुलाम. माणसं गुरांच्या आणि कांबींच्या रांगेत. हे वाचल्यावर मजेमजेचं बेट बांधणं जरा जड गेलं. बेड्या घातलेले मिनिफिग धक्क्यावर उभे करायचे नाहीत हे लगेच ठरलं, ती सजावट झाली असती. त्याऐवजी १६९८ च्या माथ्यावर फक्त मालागासी माणसं आहेत, साध्या गंभीर चेहऱ्यांची. मोडलेल्या कुंपणाचे खांब तिरपे, टोकाला काळे शंकू, आणि एक तोफ दरवाजातून खाली घरंगळलेली. गोऱ्यांपैकी तिथे कोणी नाही. (चेहऱ्यांचा पिवळा रंग या मॉडेलमध्ये कुठेच वापरलेला नाही.)

झाडं पटकन सांगतो. नारळ दोनच. बाकी रावेनाला, मादागास्करचं पंख्यासारखं झाड. हँडलवाल्या १×२ प्लेटींची चळत, एक डावीकडे, एक उजवीकडे. प्रत्येक हँडलवर क्लिपवाली १×१ प्लेट आणि तिच्यावर पान. खालची पानं आडवी, वरची उभी केली की पंखा उघडतो. एकाच पातळीत राहतो हे महत्त्वाचं.

पाण्यासाठी किनाऱ्याशी टॅन, मग मीडियम अझूर, मग डार्क ब्लू, आणि सगळ्यावर ट्रान्स (पारदर्शक) लाइट ब्लू टाइल. खालचा रंग बदलला की खोली आपोआप दिसते. निम्मंच झालंय कारण उरलेल्या भागात जहाज बुडायचंय.

आणि जहाज! किडचं अ‍ॅडव्हेंचर गॅली, ३४ तोफांचं, शिडांबरोबर वल्हीही असलेलं. सेंट मेरीला पोचेपर्यंत त्याची इतकी गळती झाली होती की दर दोन तासांनी आठ माणसं पंपावर लागत, आणि सांगाडा उसवू नये म्हणून त्याला बाहेरून दोरखंडांचे वेढे दिले होते. शेवटी ते तिथेच टाकून किड लुटलेल्या क्वेडाह मर्चंटवर बसून निघाला. सुरतेकडे निघालेलं हे जहाज त्याने जानेवारी १६९८ मध्ये कोचीच्या आसपास पकडलं होतं, आणि त्यात साटीन, मलमल, रेशीम भरलेलं होतं. म्हणून धक्क्यावर रंगीत टाइलींचे चार गठ्ठे ठेवलेत. बुडतं जहाज असल्याने मला फक्त वरचा अर्धा भाग बांधायचाय, ही सोय काही कमी नाही. वल्ह्यांची भोकं आरपार भोक असलेल्या १×१ टेक्निक ब्रिकने होतात. जहाज हिंजवर (बिजागरीवर) कललेलं राहील, आणि गोलाकार कडेला पाण्याच्या टाइल नीट भिडत नाहीत तिथे एक स्टड रुंद फट सोडून ट्रान्स क्लिअर १×१ गोल प्लेट मोकळ्याच ओतणार आहे. फेसही दिसेल, सांधाही झाकेल.

खांदेरी का नाही, असं दोघातिघांनी विचारलं. करणार, पण स्वतंत्र. सरखेल कान्होजी आंग्र्यांचं आरमार मी या चाच्यांच्या पेटीत टाकणार नाही, इंग्रजांनी त्यांच्या कागदांत काहीही लिहिलेलं असो.

आता अडलंय ते दोरखंडावर. टोकांना स्टड असलेली तयार दोरी सांगाड्याभोवती घट्ट बसते, पण फार नीटनेटकी दिसते. साधी सुतळी रंगवून वापरली तर खरी वाटते, मात्र मग हे शुद्ध ब्रिकचं मॉडेल राहत नाही. मी सध्या तयार दोरीचेच तीन वेढे मुद्दाम तिरपे देऊन बघतोय. कोणी जहाजावर असं काही केलं असेल तर गाठ कुठे लपवली तेवढं सांगा.