तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीचं काम स्वतः कशाला शिकायचं?

मोटरसायकलचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला असतो. ‘चांगले मेकॅनिक आहेत की, मग सुट्टीच्या दिवशी हात काळे करायला देखभालीच्या वर्गात कशाला जायचं? आणि शिकायचंच असेल तर मोबाइलवर सगळं दिसतं!’ विचारणाऱ्यांत घरचे असतात, ऑफिसातले असतात, आणि मनातून स्वतःलाच शिकायची इच्छा असलेलेही असतात. या शेवटच्या मंडळींसाठी जरा सविस्तर लिहिते.

मोटरसायकलच्या देखभालीत ‘काय करायचं’ हे फारसं अवघड नसतं. चेन साफ करा, वंगण द्या, ताण बघा. प्लग काढा, तपासा, लावा. हे व्हिडिओत दिसतं, पुस्तकात वाचता येतं. अडतं ते ‘किती’पाशी. बोल्ट किती आवळायचा, चेन किती सैल ठेवायची, फट मोजायच्या फिलर गेजची पातळ पट्टी किती अडखळली म्हणजे बरोबर, क्लचचा लिव्हर किती मोकळा फिरायला हवा. यांचे आकडे मॅन्युअलमध्ये छापलेले असतात. पण तो आकडा हाताला कळायचा तर हातानेच शिकावं लागतं, आणि त्या वेळी शेजारी असं कोणीतरी लागतं ज्याच्या हाताला ते आधीपासून ठाऊक आहे. मी वर्गाला गेले ते एवढ्याचसाठी.

आमचा वर्ग लहान. शनिवार-रविवार सकाळी, एका गाडीमागे दोघं-तिघं. शिकवणाऱ्या सरांचं आयुष्य गाड्यांच्या कामात गेलेलं. त्यांचा एक नियम आहे: काम एकदा करून दाखवायचं, बोल्ट पुन्हा सैल करून ठेवायचा आणि बाजूला उभं राहायचं. त्यानंतर ते पान्याला हात लावत नाहीत. कोणी अडलं तर विचारतात, ‘हाताला काय लागतंय?’ पहिले काही दिवस या प्रश्नाचं उत्तर कोणालाच देता येत नाही. मग हळूहळू येतं.

सुरुवात झाली आवळण्यापासून. सरांनी भंगारातल्या क्रँककेसचा, म्हणजे इंजिनच्या बाहेरच्या कवचाचा, एक ॲल्युमिनियमचा तुकडा समोर ठेवला आणि सांगितलं, यात बोल्ट घाला आणि आटे जाईपर्यंत आवळा. मुद्दाम. बोल्ट आधी सहज फिरतो, मग बूड टेकतं, मग विरोध चढत जातो. आणखी थोडा जोर लावला की तो विरोध वाढायचा थांबतो. हात पुढे जातो, बोल्ट फिरतो, पण घट्ट काही होत नाही. पुढच्या क्षणी आटे मऊ पडल्यासारखे सुटतात. विरोध वाढायचा थांबतो ती जागा एकदा हाताला कळली की चालू गाडीवर तिच्या बऱ्याच अलीकडे थांबता येतं. घट्ट म्हणजे सुरक्षित असं आपल्याला वाटत असतं, म्हणून बहुतेकांचा हात जास्तच आवळतो. मोटरसायकलमध्ये पोलादी बोल्ट अनेक ठिकाणी ॲल्युमिनियमच्या आट्यांत बसतात आणि मार खातं ते नेहमी ॲल्युमिनियम.

त्यानंतर टॉर्क रेंच हातात आला, म्हणजे ठरवलेला जोर पडला की ‘क्लिक’ करणारा पाना. बऱ्याच गाड्यांमध्ये ऑइल काढायचा ड्रेन बोल्ट २० ते ३० न्यूटन-मीटरला (पिळाच्या जोराचं माप) आवळायचा असतो. २५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला १० किलो वजन टांगलं तर साधारण तेवढा जोर पडतो. आधी नुसत्या हाताने आवळायचं, मग रेंचने तपासायचं की ‘क्लिक’ कुठे येतो, असा सराव सरांनी करून घेतला. आटे कोरडे आहेत की तेलकट, यानेही फरक पडतो. तेलकट आट्यांत घर्षण कमी, त्यामुळे त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो. बोल्ट ताणला जातो हेच मला नवीन होतं. तो किंचित लांबतो, परत आखडू पाहतो, आणि त्या ओढीने दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो.

जाता जाता स्क्रूबद्दलही सांगते. जपानी घडणीच्या गाड्यांवरचे फुलीचे स्क्रू दिसायला नेहमीच्या फिलिप्ससारखेच असतात, पण त्यांची खाच जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाची असते. फिलिप्सचा स्क्रू ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही, निसटतो आणि खाच खाऊन टाकतो. योग्य टोकाचा ड्रायव्हर घेतला की तोच ‘अडकलेला’ स्क्रू अनेकदा निमूट सुटतो.

चेनवर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला आणि तो सत्कारणी लागला असं मी ठामपणे म्हणेन. आजच्या रोलर चेनची घडण हान्स रेनॉल्ड यांनी १८८० साली केली. मूळ कल्पना आजही तीच आहे: पिन, तिच्यावर बुश, बुशवर फिरणारा रोलर. आता बऱ्याच चेनमध्ये पिन आणि बुशच्या मध्ये ग्रीस भरून दोन्ही बाजूंना बारीक रबरी ओ-रिंग बसवलेल्या असतात. म्हणून अशा चेनवर तारेचा ब्रश किंवा पेट्रोल चालवायचं नाही. रिंग खराब झाल्या की आतलं ग्रीस जातं आणि ते परत भरता येत नाही. साफ करायला रॉकेल आणि मऊ ब्रश पुरतो. चेन चाक हाताने फिरवतच साफ करायची. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेन पुसण्यात अनेकांनी बोटं गमावली आहेत, आणि या बाबतीत सर कोणाचंही ऐकून घेत नाहीत.

ताण तपासायचा तो खालच्या बाजूला, दोन स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चाकांच्या) साधारण मध्यावर, चेन वर-खाली हलवून. रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्यांना २५ ते ३५ मिलिमीटरच्या आसपास हालचाल लागते, पण खरा आकडा त्या त्या गाडीच्या मॅन्युअलचा किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरचा. एकाच जागी मोजून भागत नाही. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, त्यामुळे चाक थोडं थोडं फिरवत सर्वांत ताठ जागा शोधायची आणि माप तिथलं धरायचं.

ही सैल चेन आहे तरी कशाला, असं वर्गातल्या कॉलेजच्या मुलाने विचारलं. सरांनी उत्तर दिलं नाही. वर्गातल्या निवृत्त काकांना गाडीवर बसायला सांगितलं आणि मुलाला म्हणाले, ‘आता चेनला बोट लाव.’ मघाशी वर-खाली होणारी चेन काकांच्या वजनाने ताठ झाली होती. मागे आणखी एकाला बसवलं, ती अजून ताठली. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा खिळा आणि मागच्या चाकाचा ॲक्सल हे तीन बिंदू वेगवेगळे आहेत. गाडी दबली की ते एका रेषेत यायला लागतात आणि पुढच्या स्प्रॉकेटपासून ॲक्सलचं अंतर वाढतं. चेन आधीच ताणून ठेवली असेल तर खड्ड्यात चाक वर जाताना ती गिअरबॉक्सच्या शाफ्टला आणि त्याच्या बेअरिंगला ओढते. तेव्हापासून गाडी दबताना चेनचं काय होतंय हे मला डोळ्यांसमोर दिसतं. हे वाचून मला कधीच समजलं नसतं.

टॅपेटचा, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हची फट बसवण्याचा, दिवस तर मी विसरणार नाही. इंजिनच्या वरून ‘टिकटिक’ आली की आपण घाबरतो, आणि इंजिन गप्प असलं की निश्चिंत राहतो. प्रत्यक्षात जास्त धोका गप्प टॅपेटचा. व्हॉल्व्हच्या, म्हणजे इंजिनातल्या झडपेच्या, टोकाशी एक बारीक फट ठेवलेली असते, कारण इंजिन तापलं की भाग प्रसरण पावतात. अनेक छोट्या इंजिनांत ही फट ०.०५ ते ०.१५ मिलिमीटरच्या घरात असते, म्हणजे जवळपास डोक्यावरच्या केसाच्या जाडीएवढी. फट वाढली तर आवाज येतो आणि निदान कळतं तरी. पण बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह आणि त्याची सीट (तो बंद होताना टेकतो ती कडा) झिजते तशी फट उलट कमी होत जाते. आवाज घटतो, गाडी छान शांत चाललीय असं वाटतं. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. जळका वायू बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता बरीचशी सीटला टेकल्यावरच बाहेर पडते. तो टेकलाच नाही तर जळतो.

फट मोजायची ती थंड इंजिनवर, पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत अगदी वर असताना. क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) फिरवून खूण जुळवायची आणि व्हॉल्व्ह दाबणारे दोन्ही रॉकर बोटांनी हलवून बघायचे. ते हलत नसतील तर क्रँक अजून एक पूर्ण फेरा फिरवायचा. मग फिलर गेज. पट्टी आत गेली पाहिजे आणि ओढताना किंचित अडखळली पाहिजे. मोकळी फिरली तर फट जास्त, आत जाताना वाकली तर कमी. ‘किंचित’ म्हणजे किती? सरांनी प्रत्येकाला आधी बरोबर लावलेला टॅपेट दिला, मग थोडा सैल, मग थोडा घट्ट, आणि डोळे मिटून सांगायला लावलं की कुठला कोणता. सुरुवातीला अंदाज बांधायचो. थोड्या वेळाने तिन्ही वेगळे लागायला लागले. फट लावायच्या स्क्रूवरचा लॉकनट आवळताना स्क्रू त्याच्याबरोबर थोडा फिरतो आणि फट बदलते. त्यामुळे नट आवळून झाल्यावर पुन्हा पट्टी घालायची. हातात तो फरक जाणवला तेव्हा मला फार आनंद झाला. व्हिडिओत एक पट्टी आत-बाहेर होताना दिसते, एवढंच.

ऑइल बदलणं, प्लग, बॅटरी ही कामं पटकन येतात, त्यावर फार लिहीत नाही. एवढंच लक्षात ठेवा: बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, लावताना आधी पॉझिटिव्ह. प्लगची सुरुवात नेहमी बोटांनी करायची, पान्याने नाही. आणि क्लच इंजिनच्या ऑइलमध्येच बुडालेला असेल तर डब्यावर जेएएसओ (जपानी ऑइल मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं बघायचं. कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात, त्यांनी असा क्लच घसरतो.

ब्रेकचं मात्र वेगळं. डॉट ४ दर्जाचं ब्रेक फ्लुइड (ब्रेकमधला द्रव) हवेतली वाफ शोषून घेतं. कोरडं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस, पाणी मुरल्यावरचं प्रमाणित माप किमान १५५. लांब उतारावर ब्रेक तापले आणि आतलं पाणी उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दबते, त्यामुळे लिव्हर हँडलपर्यंत येतो आणि गाडी थांबत नाही. म्हणूनच बऱ्याच मॅन्युअलमध्ये दोन वर्षांनी फ्लुइड बदला असं लिहिलेलं असतं. ब्लीडिंग, म्हणजे ब्रेकच्या नळीतली हवा काढणं, आम्ही जोडीने शिकलो. एकाने मोठ्याने म्हणायचं: ‘दाबला, धरलाय.’ दुसऱ्याने निपल (फ्लुइड बाहेर सोडायची छोटी तोटी) सैल करायची, फ्लुइड पारदर्शक नळीतून येऊ द्यायचं, निपल बंद करायची आणि म्हणायचं: ‘बंद. सोडा.’ निपल उघडी असताना लिव्हर सुटला तर हवा परत आत ओढली जाते, म्हणून हा संवाद एकदाही चुकवायचा नाही. शेवटच्या बुडबुड्यानंतर लिव्हर बोटांखाली घट्ट लागायला लागतो. तरीही माझं मत असं की ब्रेकचं काम शिकल्यावर पहिल्या वेळी जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावं. एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या काही गाड्यांत ब्लीडिंगला वेगळं उपकरण लागतं, तिथे मी हात घालत नाही.

मग मेकॅनिककडे जाणं थांबलं का? अजिबात नाही. पण आता मी ‘काहीतरी आवाज येतोय’ म्हणत नाही. ‘थंड असताना वरून टिकटिक येते, तापल्यावर जाते’ किंवा ‘चेन एकाच जागी ताठ लागते’ असं सांगते. काम करणारा माणूस लगेच त्या जागी जातो, दोघांचाही वेळ वाचतो. त्याचं कौशल्य किती मोठं आहे हेही मला आता जास्त कळतं. जे ओळखायला मला अर्धी सकाळ लागते, ते त्याला चाक एकदा फिरवून समजतं.

तुम्हाला जायचं असेल तर वर्ग निवडताना एकच चौकशी करा: एका गाडीमागे किती जण, आणि पाना प्रत्येकाच्या हातात येतो का. दहा जण घोळक्याने बघत उभे असतील तर ते घरी बसूनही बघता येईल. जमलं तर स्वतःचीच गाडी घेऊन जा, कारण पुढे काम तिच्यावरच करायचं आहे. अंगठी, कडं, घड्याळ घरी ठेवून जा. धातूची अंगठी बॅटरीच्या टर्मिनलला आणि पान्याला एकाच वेळी लागली तर क्षणात लालबुंद तापते. ओढणी, मफलर, मोकळे केस यांचंही तेच, फिरत्या चाकाजवळ ते नकोत. आणि गाडीबरोबर मिळालेलं मॅन्युअल कपाटातून शोधून काढा. वर मी दिलेले आकडे साधारण आहेत. तुमच्या गाडीचे मॅन्युअलमधलेच धरा.