सेलिंग शिकायला समुद्र कायले पाहिजे?

सेलिंग शिकून राहिलो असं सांगितलं की मित्रांचा पहिला प्रश्न ठरलेला, "कुठी बे, अंबाझरीत?" आणि आईचा एकच, पोहता येतं का नीट. विचारणारच ना, आपल्या नागपूरच्या झीरो माइलपासून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र यायला अख्खा दिवस जातो, आणि आपल्याकडे पाणी म्हणजे संध्याकाळी फुटाळ्यावर कणीस खात बसायचं, बस. पण मी शिकलो ते समुद्रावर नाही, हैदराबादच्या हुसेनसागरवर, आणि माझं तर ठाम मत झालंय की आधी तलावच बरा.

मुंबई-गोव्याला मोठ्या यॉटवरचे कोर्स असतात, फोटो भारी येतात, पण चार-पाच जणांत चाक एकच, तुमचा नंबर लागेपर्यंत रेलिंग धरून बसा. डिंगीत म्हणजे छोट्या शिडाच्या बोटीत बसलेला माणूस एकटाच असतो. एका हातात टिलर म्हणजे सुकाण्याचा दांडा, दुसऱ्या हातात मेनशीट म्हणजे शीड आवळायची दोरी, आणि चुकलं की लगेच ओले. आम्हाला लेझर दिली होती, ४.२३ मीटरची, हल्ली तिला इल्का म्हणतात. सेलिंगमध्ये ऑलिम्पिकला क्वालिफाय झालेली भारताची पहिली बाई नेत्रा कुमानन, ती टोकियोला गेली ती याच बोटीवर, फक्त शीड छोटं, रेडियलचं.

पहिली सकाळ सगळी काठावरच. डोलकाठीचे दोन तुकडे जोडा, शीड तिच्यावर मोज्यासारखं चढवा, मेनशीटच्या टोकाला आठच्या आकड्याची गाठ मारा म्हणजे दोरी कप्पीतून निसटत नाही, आणि मागचं बूच लावलंय का ते बघा, परत बघा. मग पाण्यात नेऊन सरांनी मुद्दाम बोट उलटवायला लावली. उलटली की बोट सोडायची नाही, पोहत खालच्या बाजूला जायचं, वर आलेल्या सेंटरबोर्डला म्हणजे बोटीखालच्या फळीला लटकायचं आणि सगळं वजन टाकायचं. आधी काहीच होत नाही कारण शिडावर पाणी असतं, मग काठी हळूच वर यायला लागते आणि एकदम धाडकन बोट सरळ. तेव्हा मेनशीट मोकळी पाहिजे, अडकली असेल तर वारा धरून बोट परत आडवी. हुसेनसागरचं पाणी तोंडात गेल्यावर कसं लागतं ते मात्र विचारू नका बाप्पा.

आपल्याला वाटतं वारा मागून आला की बोट पळते, पण खरी मजा वाऱ्याकडे जाण्यात आहे. थेट तोंडावर जाताच येत नाही, दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंश सोडावे लागतात, नाहीतर शीड नुसतं फडफडतं आणि बोट जागेवर. म्हणून नागमोडी जायचं, तलावातला बुद्धाचा पुतळा कधी डावीकडे दिसतो, कधी उजवीकडे, आणि दर वेळी बूमखालून म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याखालून डोकं वाकवून बाजू बदलायची. संजीवय्या पार्कचा तो २९१ फुटी झेंडा बघून मी दिशा ठरवायचो, सरांनी थांबवलं, वरचा वारा वेगळा, पाण्यावरचा वेगळा, पाण्यावर काळसर सुरकुत्या सरकताना दिसल्या की झुळूक येऊन राहिली समजा. भोवती एवढ्या इमारती, वारा सारखा फिरतो, दोरी एकदम सोडली की काठावरून सरांचा ओरडा, हल्लू हल्लू! समुद्राचा वारा त्यामानाने बराच सरळ असतो, म्हणून तर म्हणतो, तलावात हात बसला की पुढचं सोपं.

सर्टिफिकेटचं वेड असेल तर आरवायए या ब्रिटिश सेलिंग संस्थेचे डिंगीचे लेव्हल वन आणि टू आहेत, पुढे यॉटवर कॉम्पिटंट क्रू म्हणजे मदतनीसाचा आणि डे स्किपर म्हणजे बोट चालवणाऱ्याचा कोर्स. पण डे स्किपरच्या प्रॅक्टिकलला यायच्या आधीच बोटीवरचे ५ दिवस, १०० सागरी मैल आणि रात्रीचे ४ तास झालेले असावेत असं तेच सांगतात, म्हणजे नुसती फी भरून कोणी स्किपर होत नाही.

जुलैत परत जाणार आहे. तेव्हा तिथे मॉन्सून रेगाटा म्हणजे शिडाच्या बोटींची शर्यत असते, पंधरा वर्षांच्या आतली पोरं ऑप्टिमिस्ट नावाच्या टबाएवढ्या बोटी घेऊन भर वाऱ्यात अशी वळतात की आपल्याला लाजच वाटावी. नागपूरहून वंदे भारत आहे सिकंदराबादला. कोणी येणार असाल तर जुने बूट आणा, अनवाणी उतरू नका, आणि चष्मा असेल तर दोरीने बांधा.