सदसद्विवेकाच्या नावाने शिक्षा

प्युरिटन लोक, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमध्ये आणखी शुद्धीकरण हवे असलेले कडवे प्रोटेस्टंट, धर्मस्वातंत्र्यासाठी अमेरिकेत गेले, असे सर्रास लिहिले जाते. मला हे विधान अपुरे वाटते. जॉन विन्थ्रॉप यांच्या नेतृत्वाखाली १६३० मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये उतरलेल्या मंडळींना आपल्या दृष्टीने शुद्ध अशी उपासना करायची होती. इतर पंथीयांना जागा देण्याचे वचन त्यांनी कोणालाही दिले नव्हते. पुढच्याच वर्षी मताधिकारही चर्चच्या पुरुष सभासदांपुरता मर्यादित झाला.

या असहिष्णुतेमागे आंधळा द्वेष नव्हता, तर काळजीपूर्वक रचलेला युक्तिवाद होता, आणि मला तोच अधिक भयंकर वाटतो. बॉस्टनचे धर्मोपदेशक जॉन कॉटन यांचे म्हणणे असे की, धर्माची मूलतत्त्वे इतकी स्पष्ट आहेत की एक-दोनदा समजावून सांगितल्यावरही जो आपला हट्ट सोडत नाही, तो स्वतःच्याच सदसद्विवेकाविरुद्ध पाप करत असतो. म्हणून त्याला होणारी शिक्षा ही श्रद्धेबद्दलची नसून त्या पापाबद्दलची असते. एकदा हे मान्य केले की छळ हा शब्दच उरत नाही. धर्मगुरूंऐवजी अंतःप्रेरणेला प्रमाण मानणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना आधी हद्दपार करण्यात आले, १६५८ च्या कायद्याने परतणाऱ्यांना मृत्युदंड ठरला आणि १६५९ ते १६६१ या काळात मेरी डायर यांच्यासह चौघांना बॉस्टनमध्ये फाशी देण्यात आले. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याचा आदेश आल्यानंतर फाशी थांबली, फटके मात्र थांबले नाहीत.

मॅसॅच्युसेट्समधलेच धर्मोपदेशक रॉजर विल्यम्स यांना १६३५ मध्येच हद्दपारीची शिक्षा झाली होती. ऐन हिवाळ्यात निसटून त्यांनी पुढच्या वर्षी नॅरागॅन्सेट या मूलनिवासी जमातीच्या प्रमुखांनी दिलेल्या जमिनीवर प्रॉव्हिडन्स वसवले; तेच पुढे ऱ्होड आयलंड वसाहतीचा भाग झाले. ते स्वतः उदार मताचे मुळीच नव्हते. उलट श्रद्धेच्या बाबतीत कॉटन यांच्याहूनही कडवे होते, आणि त्या कडवेपणामुळेच सक्तीने करवून घेतलेली उपासना त्यांना देवाचा अपमान वाटे. क्वेकरांची मते त्यांना अजिबात पटत नसत. १६७२ मध्ये, उतारवयात, त्यांनी न्यूपोर्ट आणि प्रॉव्हिडन्स येथे अनेक दिवस क्वेकरांशी जाहीर वाद घातला आणि नंतर त्यांच्याविरुद्ध ग्रंथही लिहिला. पण त्यांना तुरुंगात टाका, असे ते कधी म्हणाले नाहीत. त्या वर्षी ऱ्होड आयलंडच्या गव्हर्नरपदावर निकोलस ईस्टन हे क्वेकरच होते.