चार तासांचा पाव : आमची वाटचाल

व्हिएतनाममध्ये सायगॉनच्या बिन्ह थान्ह भागात, बा चिएउ बाजाराजवळच्या एका गल्लीच्या तोंडाशी आमची बान मीची, म्हणजे इथल्या भरलेल्या पावाची, गाडी पहाटे साडेपाचला लागते. शहराचं सरकारी नाव हो ची मिन्ह सिटी, पण गल्लीत ते कुणाच्या तोंडी नसतं. गाडी मूळ सासूबाईंची. मी मिरजेची, नवरा इथला. सिंगापूरला एकाच ऑफिसात होतो, तिथंच जमलं. 2013 साली सासूबाईंचे गुडघे धरले तेव्हा सहा महिने गाडी सांभाळू, म्हणून आलो. ते सहा महिने अजून चालू आहेत.

माहेरी सगळे याला व्हिएतनामचा वडापाव म्हणतात. सुरुवातीला मीही तसंच सांगायचे, आता सांगत नाही. वडापावात वडा राजा, पाव त्याला धरायला. इथं उलट. पाव बिघडला तर आत सोनं भरा, गिऱ्हाईक उद्या समोरच्या गाडीवर दिसणार.

हा पाव वीतभर लांब, दोन्ही टोकांना निमुळता. वरचं कवच इतकं पातळ की दाबलं की चुरचुरतं, आत नुसती हवा. फ्रेंचांनी आपला लांब पाव इथं आणला, तो साहेबासारखा ताटात, हॅम आणि लोण्याच्या शेजारी बसायचा. 1954 ला देशाची फाळणी झाली आणि उत्तरेकडची माणसं सायगॉनला आली. त्यातल्याच एका जोडप्यानं 1958 मध्ये ‘होआ मा’ नावाचं दुकान काढलं, आणि सकाळच्या घाईतल्या गिऱ्हाइकांना सगळं पावाच्या पोटात घालून हातात द्यायला सुरुवात केली, असं इथं सांगतात. गंमत म्हणजे त्या दुकानात आज लोक गल्लीत छोट्या स्टुलांवर बसून तव्यातली अंडी खातात आणि पाव शेजारी ठेवतात!

पावात तांदळाचं पीठ असतं म्हणून तो हलका, असं बरेच लोक ऐकून येतात. आमचा भट्टीवाला यावर नुसता हसतो. त्याच्याकडे सगळा मैदाच, तोही बाहेरून आलेल्या गव्हाचा. यीस्ट सढळ, मळणं दणकून, आणि पाव आत सरकवताच भट्टीत वाफ सोडायची. एवढं करून त्या पावाचं आयुष्य चार तास. सायगॉनच्या दमट हवेत कवच मऊ पडतं आणि पाव चावायला चिवट होतो.

मा (इकडे दक्षिणेत आईला मा म्हणतात, मीही सासूबाईंना तेच म्हणते) पहिले दोन महिने मला पावाला हात लावू देत नव्हती. माझ्याकडे फक्त ‘दो चुआ’, म्हणजे गाजर-मुळ्याचं आंबट. काड्या कापायच्या, मीठ चोळायचं, पाणी सुटलं की धुऊन पिळायचं, मग साखर आणि व्हिनेगर. परीक्षा एकच. मुळ्याची काडी वाकवून दोन्ही टोकं एकमेकांना टेकली पाहिजेत आणि काडी तुटता कामा नये. तुटली की मा काही न बोलता घमेलं परत माझ्याकडे सरकवायची. घरभर मुळ्याचा वास. पण डुकराच्या कलेजीची पाते, म्हणजे पावाला आतून फासायचं मऊ वाटण, वाफवायला ठेवली की त्यापुढे मुळासुद्धा अत्तर वाटायचा. मिरजेत आमच्याकडे मटण चालायचं, पण हे प्रकरण पचायला मला वर्ष लागलं.

मग गाडीवरचे धडे. पोटात चीर, एका बाजूला पाते, दुसऱ्या बाजूला अंड्याचा बलक तेलात घोटून केलेलं पिवळं ‘लोणी’. केळीच्या पानात उकडलेल्या ‘चा लुआ’चे (वाटलेल्या डुकराच्या मांसाच्या वळकटीचे) काप, काकडीची लांब फोड, दो चुआ, कोथिंबीर, मिरची, सोया सॉसचे चार थेंब. कागद, रबर, पुढचा. माचे हात चालू असताना तिचं लक्ष रस्त्याकडे असायचं. स्कूटर थांबायच्या आत तिला कळायचं कुणाला मिरची नको.

2016 ला मला शहाणपण सुचलं. दुसरी गाडी टाकली, ऑफिसांच्या रस्त्यावर, आणि हिशेब मांडून पाव दुसऱ्या भट्टीतून घेतला. स्वस्त, शिवाय दिसायला फुगीर. मानं एक पाव कानाशी धरून दाबला आणि म्हणाली, “हा बोलत नाही.” मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. नऊ वाजेपर्यंत पाव रबर व्हायचा, आणि पावसाळा लागला तशी तर दुपारची विक्री बसलीच. त्या भट्टीवाल्याला बोलायचा मला अधिकार नव्हता; त्यानं दिलं तेच मी घेतलं होतं. सात महिन्यांत गाडी उचलली. नवऱ्याची मोटरसायकल त्यात गेली. तो एका शब्दानं बोलला नाही, पण त्याची आई बोलली.

तेव्हापासून जुन्याच भट्टीवाल्याकडून पाव तीन खेपांत येतो: पहाटे पाच, सकाळी दहा, दुपारी साडेतीन. रोजचे पैसे रोज. गाडीच्या पोटात कोळशाची शेगडी, तिच्यावर पाव कोमट राहतो. दुसरी गाडी 2019 ला पुन्हा टाकली, ती चालली.

2021 मध्ये 9 जुलैला शहर बंद झालं, पार्सलसुद्धा बंद. 1 ऑक्टोबरला दारं उघडली तेव्हा भट्टीवाला मेकाँगकाठच्या गावी होता आणि मैदा आणायला त्याच्याकडे पैसे नव्हते. आम्ही पुढच्या दोन महिन्यांच्या पावाचे पैसे आधीच दिले. यात उपकार कसला? त्याच्याशिवाय आम्ही काय विकणार होतो?

माझी म्हणावी अशी भर एकच, ‘चाय’ म्हणजे शाकाहारी बान मी. इथले बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस खात नाहीत, आणि कर्मठ असले तर कांदा-लसूणही नाही. मला एकदम आजीचा चातुर्मास आठवला. मशरूम आणि टोफूची पाते बसवायला चार महिने गेले. नारळाच्या दुधानं ती जमली. 2022 पासून मुंबईहून थेट विमानं सुरू झाली आणि आपली माणसंही गाडीवर दिसू लागली. एकदा एका जैन कुटुंबानं गाजर-मुळा बघून हात मागे घेतला. जमिनीखालचं! दुसऱ्या दिवशी मी कच्च्या पपईचं दो चुआ घातलं. मानं चाखलं, काडी वाकवून बघितली, आणि बरणी गाडीवर ठेवू दिली.

स्वयंपाकघरात आता दोन कॅलेंडरं शेजारी शेजारी टांगलेली आहेत, माझं कालनिर्णय आणि तिचं रोज एक पान फाडायचं. माझी पौर्णिमा आणि तिचा पंधरावा दिवस कधी जुळतात, कधी एका दिवसानं चुकतात. चायचे पाव किती सांगायचे यावर तेव्हा आमची जुंपते. सातव्या महिन्याच्या पंधराव्याला चायची मागणी सगळ्यात जास्त असते, म्हणून त्या दिवशी मी वाद घालत नाही. भट्टीवाल्याला फोन मा करते.