"बरं, बघते"

"बरं, बघते." एवढंच उत्तर आलं. सकाळपासून तेच डोक्यात घोळतंय.

मैत्रिणीने लिहिलेली १४ पानांची कथा. दोन संध्याकाळी घालवल्या, ओळ न ओळ लाल पेनाने तपासली, आणि हातात काय, तर "बरं". वाईट वाटलं. आजकाल कोण कुणाचं एवढं मन लावून वाचतं? तिच्याकडे सध्या जे चाललंय ते ठाऊक असूनही... असो.

दुपारी खुणा केलेली पानं परत काढली. सातव्या पानावर काकू तांदूळ निवडता निवडता म्हणते, "मले नाई पायजे वाटा." तिथे 'मले'वर काट मारून मी 'मला' केलंय! वऱ्हाडातली बाई वाटणीच्या दिवशी प्रमाण मराठीत का बोलेल? नियम निवेदनाला. संवादात एवढंच बघायचं, की तेच माणूस आधी 'मला' आणि पुढे 'मले' म्हणत नाही ना.

आणि वेलांट्या! शुद्धलेखन शेवटच्या खर्ड्यावर बघायचं असतं. आधीच बघितलं की लिहिणारी ऱ्हस्व-दीर्घ सुधारते आणि कथा आहे तिथेच राहते. इथे पहिली दोन पानं वाड्याच्या वर्णनात जातात, वाटणी निघते तिसऱ्या पानावर. मी त्या दोन पानांतल्या वेलांट्या सुधारल्या. ती पानं हवीत का, हे विचारलंच नाही.

पहिलं वाचन पेनाशिवाय, एका बैठकीत. मग कथा कशाबद्दल वाटली ते दोन वाक्यांत लिहून काढायचं. तिच्या मनात दुसरंच असेल तर कुठे निसटलं ते तिला तिथेच कळतं. दुसऱ्या वाचनाला पेन्सिल. लक्ष उडालं, मागे जाऊन वाचावं लागलं, तिथे समासात नुसती रेघ. रेघा एकत्र बघितल्या की मुद्दे दोन-तीनच निघतात. तेवढेच कळवायचे, पानासकट. "धाकट्या भावाचं पात्र उभं राहत नाही" यावर ती काय करणार? "आठव्या पानापर्यंत तो नको म्हणतो, नवव्यावर सही करतो, मधे काय झालं ते मला सापडलं नाही" यावर काम करता येतं. वाक्य मात्र आपण लिहून द्यायचं नाही, ते ठिगळासारखं दिसतं. जमलेली जागाही नेमकी सांगायची, नाहीतर पुनर्लेखनात नेमकी तीच कापली जाते. काकूचा सुपातला हात थांबतो ती ओळ किती सुंदर आहे, आणि मी तिथे फक्त स्वल्पविराम घातलाय.

'सत्यकथा' मासिकाचे संपादक राम पटवर्धन नव्या लेखकांना काय खटकलं ते सविस्तर पत्रांतून कळवत. मासिक १९८२मध्ये बंद झालं, पण वाचावं कसं ते त्या पद्धतीत आहे.

रात्री तिला लिहिलं: लाल खुणा सध्या बाजूला ठेव. 'मले' तसंच असू दे. सुपातला हात हलवू नकोस. कथा तिसऱ्या पानापासून सुरू केली तर काय हरवतं, एकदा बघशील?

अजून उत्तर नाही. येईल तेव्हा येईल. तोवर नववं पान पुन्हा वाचते.